वाफेची लाइन आणि दसऱ्याचा रंग

"मॅडम, दसऱ्यालाच रंग मारलाय. पाइपला काय धाड भरलीय?" मेंटेनन्सचे बिराजदार साहेब म्हणाले. लातूरच्या एका तेल कारखान्यातली ही वाफेची लाइन. रंग होता वरच्या पत्र्याला. पत्र्याखाली उष्णता धरून ठेवणारं ग्लासवूल, त्याखाली पाइप. तो कुणाच्या बापानं पाहिला होता?

बॉयलर सफाईसाठी बंद होता, संध्याकाळी पेटवायचा होता. तेवढ्यात मला पाइपची तपासणी उरकायची होती. एका जागी पत्रा उघडून पाइपभोवती सेन्सरची रिंग बसवली. तिच्यातून निघालेली ध्वनिलहर पाइपच्या धातूतून दोन्ही बाजूंना धावते. पाइप जिथं गंजून झिजलाय, तिथून तिचा एको, म्हणजे प्रतिध्वनी, परत येतो. किती वेळानं आला त्यावरून जागा कळते. सगळी लाइन सोलत बसावी लागत नाही.

"एवढंच?" बिराजदारांचा चेहरा पडला. "मला वाटलं, लई खटाटोप असंल."

डावीकडून मोठा एको आला. टेपनं अंतर मोजत गेले, तर नेमक्या तिथंच, पाइपखाली, सोयाबीन चाळणाऱ्या बाया जेवणाचे डबे उघडून बसलेल्या. ही लहर जाडी नेमकी सांगत नाही, म्हणून बायांना उठवलं आणि बिराजदारांच्या माणसांना वरचा पत्रा काढायला लावला. गंजाचे पापुद्रे खाली पडले. साध्या गेजनं मोजलं. निम्मी जाडीही उरली नव्हती.

मालक अप्पा मात्र निवांत. "सीझन चालू हाय. दिवाळीनंतर बदलू."

"तोवर फुटला तर? बाया भाजून निघतील, अप्पा."

"मंग त्यांना पलीकडं बसवा की. खामखा प्लांट कशाला बंद ठेवायचा?"

बिराजदारांनी लगेच मान डोलावली. मिटला प्रश्न! असा संताप आला म्हणून सांगू!

"बरं," मी म्हणाले, "उजवीकडंही एक एको आहे. लहानसा."

"कुठं?"

"तुमच्या नव्या केबिनवर."

अप्पा ताडकन उठले. "बिराजदार! बॉयलर पेटवू नका म्हनावं!"

"अप्पा, तिकडचा गंज किरकोळ..."

"किरकोळ कसा? मानसाच्या जिवाचा सवाल हाय, मॅडम!"

तासाभरात वेल्डर हजर. तो सरळ केबिनकडं निघाला. मी वाट अडवली. आधी बायांच्या डोक्यावरचा तुकडा, मग अप्पांचा. नाहीतर रिपोर्टवर माझी सही नाही. अप्पा धुसफुसले, पण दोन्ही तुकडे बदलले. सीझन काही बुडाला नाही.

तेव्हापासून मी रिपोर्टमध्ये पहिला रकाना 'पाइपखाली कोण बसतं' हा ठेवते. जाडी लोक त्यानंतर वाचतात.