डाव्या खांबापाशी वाकलेली रेघ

"हनीफ गेला. रोड क्रॉस करताना. बघितलंच नाही रे त्याने." आमच्या फुटबॉल टीमच्या शिर्केदादांनी फोनवर एवढंच सांगितलं. मी जबल अलीच्या गोदामात मालाची यादी हातात धरून उभा होतो, आणि पहिल्यांदा दुःख झालं असं मी लिहिणार नाही, कारण ते खोटं होईल. पहिल्यांदा मला भीती वाटली. संध्याकाळी शारजाला पोचलो तेव्हा त्या रस्त्यावरचे सगळे हेच सांगत होते. पाचच्या सुमाराला गॅरेज सुटलं, सूर्य समोर होता, हनीफभाई सरळ पुढे बघत चालत आले, हॉर्न वाजला आणि ते गाडीच्याच बाजूला वळले. गाडीवाल्याचा काही दोष नाही, असं सगळ्यांचं एकमत. एक जण तर म्हणाला, झोपेत चालल्यासारखा चालत होता... तो बोलला आणि माझी मान खाली गेली. हनीफभाईंना 'झोपेतला' हे नाव त्या माणसाने दिलेलं नाही. ते मी दिलं. तीन सीझनपूर्वी, लेखी, आणि त्याच्या चाळीस झेरॉक्स काढून.

ज्या पुरवणीत हे छापून येतंय तिचे निम्मे वाचक आमच्या कॉलेजचे आहेत, त्यांना काही समजावायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. कोकणातल्या आमच्या खाडीकाठच्या कॉलेजात फुटबॉल हे एक वेड आहे, आणि ते वेड घेऊन आमची पोरं आखातात येतात. कोणी वेल्डर, कोणी ड्रायव्हर, माझ्यासारखा एखादा स्टोअरकीपर. शारजा औद्योगिक क्षेत्रात गॅरेजांच्या मागे वाळूचा एक मोकळा प्लॉट आहे. उन्हाळा ओसरला की तिथे दर शुक्रवारी लीगचे सामने होतात आणि त्यात आमच्या माजी विद्यार्थ्यांची टीम उतरते. गवत नाही, चुना टिकत नाही, म्हणून गाडीतलं जळकं ऑईल ओतून रेघा मारतात. प्रेक्षक म्हणजे आम्हीच, अबुधाबीकडच्या मुसफ्फापासून पिकअपमधून येणारे पन्नासेक जण. आणि कॉलेजची एक रीतही आम्ही इथे आणली, पंचनामा. सामना संपला की त्याच दिवशी एका कागदावर लिहायचं, काय झालं आणि कोणामुळे झालं. एकच आरोपी नेमायचा. नियम असा की आरोपीने खाली सही करायची, बोलायचं नाही. बचाव नाहीच. कॉलेजात असताना या नियमाचं आम्हाला फार कौतुक होतं. आता वाटतं, हा नियम कुठल्यातरी हलकटानेच केला असणार.

पंचनामा लिहायचं काम माझ्याकडे आलं कारण मला तेवढंच येत होतं. कॉलेजात मी पत्रकं काढली. हॉस्टेलच्या पाण्यावर, फीवाढीवर, प्राचार्यांच्या गाडीवर. पहिल्या ओळीत नाव घ्यायचं, दुसऱ्या ओळीत घाव घालायचा, तिसऱ्या ओळीची गरज पडता कामा नये, अशी आमची शिकवण. हनीफभाई माझ्यापेक्षा वीस-एक वर्षांनी वडील. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला गटांगळी खाऊन ते इकडे आले आणि वेल्डिंग शिकले. चाळिशी उलटली तरी आमचे गोलकीपर तेच. मला ते 'वकीलसाहेब' म्हणायचे. माझी पत्रकं आवडीने वाचायचे आणि म्हणायचे, "वकीलसाहेब, तुमची केस भारी असते. फक्त अशील तुम्हाला कधी भेटलेला नसतो."

दोन हजार साल उजाडायच्या आधीचा तो सीझन. पहिलाच सामना, समोर एका बेकरीतल्या मुलांची नवीकोरी टीम. त्यातल्या दोघांच्या पायात बूटही नव्हते. मध्यंतराला आम्ही तीन-शून्य पुढे. मग त्यांच्या एकाने मैदानाच्या मध्यावरून सहज म्हणून एक बॉल उडवला. तो उंच गेला, उन्हातून खाली आला, आणि हनीफभाईंच्या डाव्या बाजूने, अगदी हातभर अंतरावरून, आत गेला. ते हललेच नाहीत. दहा मिनिटांनी तसाच दुसरा. मग काय, बेकरीवाल्यांनी हेरलं आणि लांबूनच मारत सुटले. शेवटची पंधरा मिनिटं आमचे बचाववाले गोलातच उभे होते. तीन-दोन. जिंकलो. शिट्टी वाजली तेव्हा आमच्या बाजूला एक टाळी पडली नाही. ढोल आणला होता, तो पिकअपमध्येच राहिला. मुसफ्फाचे लोक म्हणायला लागले, दीडशे किलोमीटर येऊन हे बघायचं होतं का. कोणी म्हणालं, बेकरीची पोरं आपल्याला पाव विकतात आणि वर गोलही मारतात. समोसे तसेच थंड झाले. शिर्केदादा आमचे कॅप्टन, त्यांची सात वर्षांची मुलगी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. ती म्हणाली, "पप्पा, बट वुई वन, ना?" दादांनी तिला गप्प केलं. त्या मैदानावर त्या दिवशी एकटी तीच शहाणी होती.

मी तिथेच पिकअपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं. "आजच्या विजयाचे मानकरी बेकरीवाले. त्यांनी दया केली म्हणून सामना सुटला. आरोपी हनीफ. हा माणूस उभ्याने झोपतो. बॉल शेजारून गेला तरी त्याची झोपमोड झाली नाही. पुढच्या शुक्रवारी त्याच्यासाठी उशी आणावी." वाचून दाखवल्यावर लोक असे हसले की दिवसभराचा सगळा कडवटपणा धुऊन निघाला. समोसेही उठले. हनीफभाईंनी कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि सही केली. पण खाली ठिपक्यांच्या रेघेवर नाही. माझ्या मजकुराच्या बरोब्बर मध्ये, आडवी. मला राग आला. वाटलं, माज आहे, सही करतानासुद्धा माझं लिहिणं खोडतोय. मी तेही खाली एका ओळीत जोडून टाकलं. झेरॉक्स कामगारांच्या सगळ्या कॅम्पांत गेल्या, आणि एक प्रत सुट्टीवर निघालेल्या एकाच्या बॅगेतून थेट कॉलेजच्या जिमखान्याच्या फळ्यावर. तिथे ती टाचण्या मारून लावायची, ही रीतच.

दीडेक महिन्याने मी हनीफभाईंच्या खोलीवर गेलो. पंचनाम्यासाठी नाही. तेव्हा मी एक हस्तपत्रक लिहीत होतो, वेल्डरांना कंपनीने मास्कची काच वेळेवर बदलून द्यावी म्हणून. कोणत्या कंपनीने ते इथे लिहीत नाही, पण जिथे फुटकी काच बदलायला सांगितलं की सुपरवायझर 'इन्शाल्ला' म्हणतो आणि चार महिने जातात, त्या सगळ्यांनी हे स्वतःबद्दलच समजावं. मला वाटलं, आपला वेल्डर आहे, त्याला आधी दाखवू. दुपारची वेळ होती, खोलीत सहा पलंग, पाच रिकामे. हनीफभाई उताणे पडले होते, दोन्ही डोळ्यांवर कच्च्या बटाट्याच्या चकत्या. वेल्डिंगच्या झळेने डोळे सुजले की हा उपाय करतात, एवढं मला माहीत होतं. मी विचारलं, काल लागलं का.

"काल कसलं, वकीलसाहेब," ते म्हणाले. "रोजचंच आहे."

मी माझं हस्तपत्रक पुढे केलं. ते म्हणाले, वाचून दाखव. मी वाचलं. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. मी 'संरक्षक चष्मा' लिहिलं होतं. "चष्मा नाही, काच लिही. आम्ही काच म्हणतो." मग उशीखालून त्यांनी एअरमेलने आलेलं एक पत्र काढलं. मुलीचं, नसरीनचं. ती त्याच वर्षी आमच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला गेली होती. आठ दिवस पत्र तसंच पडून होतं, खोलीत मराठी वाचणारा दुसरा कोणी नव्हता. मला आधी कळेचना. म्हटलं, तुम्ही तर बी.कॉम.पर्यंत... तेव्हा त्यांनी चकत्या काढल्या आणि अगदी साधेपणाने सांगितलं. जिथे बघावं तिथलंच अक्षर पुसलं जातं. कडेकडेचं दिसतं, मधलं नाही. डावा तर गेलाच, उजवाही त्याच वाटेवर. मी विचारलं, मग काम कसं करता? "ठिणगी दिसते की. ठिणगी आंधळ्यालासुद्धा दिसते."

मी पत्र वाचायला घेतलं. आईची तब्येत, मामाचं लग्न, परीक्षा... आणि मग ही ओळ आली. 'अब्बा, जिमखान्याच्या फळ्यावर तुमचं नाव आलंय. तुम्ही उभ्याने झोपता असं लिहिलंय. मुलं मला बघून घोरल्याचे आवाज काढतात.' मी थांबलो. ते म्हणाले, पुढे वाच. मी माझंच वाक्य त्यांना त्यांच्या मुलीच्या अक्षरात वाचून दाखवलं.

लगेच उठून म्हणालो, मी आज दुरुस्ती लिहितो. फळ्यावर लावायला पाठवतो. काय झालंय ते सगळं लिहितो, काचेसकट, कंपनीसकट. मी फार तावातावाने बोलत होतो. त्यांनी माझा हात धरला. "दिसत नाही असं एकदा लिहिलंस तर ते इथेही पोचेल. तुझी पत्रकं कुठे कुठे जातात मला माहीत आहे. मग मेडिकल, मग अनफिट, मग खलास. पोरीची तीन वर्षं बाकी आहेत. झोपतो असंच राहू दे. झोपणाऱ्याला कोणी परत पाठवत नाही." मी परत पलंगाच्या कडेला बसलो. मग त्यांनी उत्तर सांगितलं आणि मी लिहून घेतलं: होय बेटा, कामावरून थेट गेलो होतो, जरा पेंग आली. आपण जिंकलो हे त्या मुलांना सांग. हे उत्तर माझ्या अक्षरात आहे. हनीफभाई उभ्याने झोपतात, हे मी दुसऱ्यांदा लिहिलं, आणि या वेळी ते खोटं आहे हे माहीत असताना लिहिलं.

काचेचं हस्तपत्रक मी वाटलं. हनीफभाईंचं नाव न घेता. त्याचा उपयोग किती झाला? एका वर्कशॉपमध्ये काचा बदलल्या, दुसरीकडे माझ्याबरोबर ज्याने वाटलं त्याची बदली उन्हातल्या साइटवर झाली. बेकरीच्या त्या सामन्यानंतर हनीफभाई पुन्हा गोलात उभे राहिले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. पण मैदान सोडलं नाही. दर शुक्रवारी सगळ्यांच्या आधी गॅरेजमधला जळक्या ऑईलचा डबा घेऊन यायचे आणि रेघा मारायचे. दोरी लावून घेत नसत. गोलाची रेघ उजव्या खांबापासून सरळ यायची आणि डाव्या खांबापाशी आली की वाकायची, खांबाच्या वीतभर बाहेरून जायची. लोक म्हणायचे, हनीफ झोपेत रेघ मारतो. तेही हसायचे. मी, पत्रकं काढणारा, गाढवाला गाढव म्हणणारा मी, शेजारी उभा राहून तीन सीझन हे ऐकत होतो. त्यांनी मागितलेला शब्द पाळतोय, असं स्वतःला सांगत होतो. शब्द पाळणं आणि स्वतःची कातडी वाचवणं यात त्या वेळी मला फरक करता आला नाही... अजूनही येतो असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही. त्यांना डॉक्टरकडे नेता आलं असतं, नाव न सांगता. रस्ता ओलांडताना कोणीतरी बरोबर असायला हवं, एवढं खोलीतल्या पाच जणांना सांगता आलं असतं. मी तेही केलं नाही.

मय्यत गावी गेली. त्यानंतर आठवड्याने नसरीनचा फोन आला, शिर्केदादांच्या घरी. तिला माझ्याशीच बोलायचं होतं, कारण अब्बांची सगळी पत्रं माझ्या अक्षरात यायची. तीन वर्षांत ती आणि मी एकमेकांना खूप ओळखायला लागलो होतो, कधी न बोलता. ती रडत नव्हती. म्हणाली, "दादा, सगळे म्हणतात त्यांनी बघितलं नाही. ते खरंच चालताना झोपले होते का?" मी म्हणालो, फोनचं कार्ड संपत आलंय, नंतर करतो. फोन तिने केला होता. कार्ड माझं नव्हतंच.

गेल्या शुक्रवारी यंदाचा पहिला सामना झाला. एक-शून्य. एकच गोल, तोही समोरच्या बचाववाल्याच्या पाठीला लागून आत गेलेला. लोक पुन्हा तसेच कुरकुरले. ही काय सुरुवात, असाच खेळ असेल तर फेब्रुवारीपर्यंत बघवणार नाही, यल्ला वकील, चल, होऊ दे पंचनामा. कागदही कोणीतरी आणून दिला. मी लिहिणार नाही म्हटलं. तेवढ्यात दुसऱ्या सामन्यासाठी मैदान करायचं म्हणून शिर्केदादांनी ऑईलचा डबा उचलला. गोलाची रेघ पुसट झाली होती, पण वाळूत मुरलेलं ऑईल कुठे जात नाही. दादा उजव्या खांबापासून दोरी लावून सरळ ओतत आले आणि डाव्या खांबापाशी, जुनी रेघ जिथे वाकते, तिथे थांबले. पुढच्या टीमचा गोलकीपर बाजूलाच उभा होता. त्याने हिंदीत विचारलं, ये टेढ़ी लाईन किसने मारी, दारू पी के मारी क्या? आमच्यातले दोघं-तिघं हसले. कोणीतरी म्हणालं, नहीं भाई, नींद में.

"त्यांना दिसत नव्हतं," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो असणार, कारण सगळे वळले. "वेल्डिंगने डोळे गेले होते. त्या बेकरीच्या सामन्यालाही दिसत नव्हतं. मला तीन वर्षं माहीत होतं."

शिर्केदादा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले, त्या नजरेबद्दल मी इथे लिहिणार नाही, ती मला मिळायलाच हवी होती. मग त्यांनी दोरी गुंडाळून खिशात टाकली, वाकले, आणि डाव्या खांबापाशी जुन्या रेघेवरूनच, ती जशी वाकते तशीच, हळूहळू ऑईल ओतलं.

नसरीन, हा कागद जिमखान्याच्या फळ्यावर लाव. सही मी खाली करतो आहे.