मास्तरांचा तांब्या

मास्तर कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागत. पण घरधन्यानं तांब्याला तोंड लावून एक घोट घ्यायचा, मग त्याच तांब्याला तोंड लावून मास्तर पिणार. वरून धार धरून प्यायची आपली सगळ्यांची सवय. लोक संकोचून जात. "काऊन बाप्पा, तुहा देव येगळा अन् माहा येगळा हाय का?" असं मास्तर विचारत.

ते देऊळघाटचे, मी अमडापूरचा, दोघंही वऱ्हाडातले. महाराष्ट्र नुकताच झाला होता. शहरातल्या सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती पाळक घडवणाऱ्या शाळेत, मास्तर आम्हाला ईश्वरज्ञान शिकवत, तेही वऱ्हाडीत. पुण्याची पोरं तोंडावर रुमाल धरून हसत. दुपारी ते आम्हाला सफाई कामगारांच्या वस्तीत नेत. तिथं पाणी प्यायला जो कचरला, तो त्यांच्या लेखी पाळक व्हायच्या लायकीचा नव्हता. मी बिनदिक्कत प्यायचो. लाडका होतो त्यांचा, खोटं कशाला बोलू?

मास्तर एका चर्चचे पाळकही होते. वस्तीतली माणसं त्या चर्चमध्ये येऊ लागली आणि तिथल्या जुन्या घराण्यांच्या पोटात दुखू लागलं. प्रभुभोजनाचा द्राक्षारसाचा पेला एकच, सगळ्यांच्या ओठांना लागणारा. चर्चच्या कमिटीनं प्रत्येकाला वेगळे, छोटे काचेचे पेले आणायचं काढलं. कारण काय, तर म्हणे आरोग्य! मास्तर म्हणाले, "आणा पेले. पण मंग मले बोलावू नका."

विद्यार्थ्यांतर्फे मीही कमिटीत होतो. तिथल्याच सहायक पाळकाच्या जागेसाठी माझं नाव चाललं होतं. मतं हात वर करून घेतली. मी छोट्या पेल्यांच्या बाजूनं हात वर केला.

त्यांचं चर्च गेलं, पाठोपाठ सेमिनरीतला वर्गही गेला. ते देऊळघाटला परतले. मला जागा मिळाली, जुन्या घराण्यांनी डोक्यावर घेतलं आणि मी निर्लज्जासारखा त्यांच्यात रमलो. सहा वर्षं मास्तरांना साधं पत्र टाकलं नाही.

ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा मात्र एस.टी. धरली. माफी मागायची, एवढंच ठरवलं होतं. मास्तरांनी काकूंकडे, म्हणजे त्यांच्या पत्नीकडे, पाणी मागितलं. तांब्याला तोंड लावून एक घोट घेतला आणि तांब्या माझ्यापुढं केला.

मी तो घेतला, मान मागे टाकली आणि वरून धार धरली. दोन-तीन घोट पोटात गेल्यावर मी काय केलं ते ध्यानात आलं. काकू खाली बघत होत्या.

"पे बाबू," मास्तर म्हणाले. "सांडू नको."

माफीचा शब्द माझ्या तोंडून निघालाच नाही. पुढच्या रविवारी मी पुन्हा छोटेच पेले मांडले.