आंत्रपुच्छाचे शुद्धिपत्र

माझं अपेंडिक्स माझ्याच पोटात नेमकं कुठे आहे, यावरून माझा आणि एका सर्जनबाईंचा मतभेद झाला, तेव्हा मी स्ट्रेचरवर आडवा होतो आणि त्या उभ्या होत्या. मतभेद चालवायला ही बैठक फारशी सोयीची नसते.

पण या प्रकरणाची सुरुवात पोटापासून नाही, प्रश्नसंचापासून झाली.

माझी बायको स्मिता, हिने एकोणपन्नासाव्या वर्षी योगशिक्षक पदविकेला नाव घातलं. आसनांची तिला काळजी नव्हती. (सुकापूरच्या आमच्या सोसायटीतल्या निम्म्या बायका गच्चीवर तिच्याकडूनच शिकल्या आहेत.) अडचण होती ती ‘शरीररचना व शरीरक्रिया’ या पेपरची. पनवेलच्या त्या वर्गात सगळ्यांना दीडशे प्रश्नांचा संच दिला होता, उत्तरांसकट, शेवटी आकृत्या. तो चाळून स्मिताने दोन दिवस कपाटात ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी चहा ओतताना म्हणाली, कॉलेज सुटल्यापासून मी परीक्षेला बसले नाहीये, मला हे जमणार नाही, मी सोडते.

मी म्हटलं, सोडायचं नाही. मी प्रश्न विचारतो, तू उत्तरं दे.

माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी द्रोणागिरीच्या एका गोदामात कागद तपासतो. कंटेनरवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर एकच आहे ना, एवढं पाहायचं. सव्वीस वर्षांत माझ्या हातून चुकीचा कागद पुढे गेलेला नाही. हे मी लग्नकार्यात ओळख करून देतानाही सांगतो. कोणी विचारलेलं नसतं.

पहिला आठवडा झकास गेला. ती पोळ्या लाटायची, मी ओट्याला टेकून विचारायचो. लहान आतडं किती लांब, ती म्हणायची सहा मीटर. तिच्या बांध्याकडे बघून ते खरं वाटत नसे, पण पुस्तकात तसंच होतं. ती भराभर शिकत होती. मीही शिकत होतो आणि घोटाळा तिथेच झाला.

एक्केचाळिसावा प्रश्न होता, ‘आंत्रपुच्छ कोठे असते?’ आंत्रपुच्छ म्हणजे अपेंडिक्स. उत्तर छापलं होतं, ‘पोटाच्या खालच्या भागात, उजव्या बाजूस.’ सवयीने मी मजकूर आकृतीशी ताडून पाहिला. आकृतीत ते डावीकडे होतं. यकृत पाहिलं. मजकुरात उजवीकडे, आकृतीत डावीकडे. प्लीहा बरोबर उलट. एका कागदात एवढ्या चुका मी गोदामातही पाहिल्या नव्हत्या. मी लाल पेन काढलं.

स्मिता म्हणाली, मॅडमनी तर उजवीकडेच शिकवलंय. मी तिला समजावलं की मॅडमही याच संचावरून शिकवत असणार, मग चूक उतरणारच. तिने विचारलं, मग हृदय? ते आकृतीत उजवीकडे दिसतंय. मी छातीवर हात ठेवून पाहिलं. ठोके डावीकडे लागत होते. तेव्हा हृदयाच्या बाबतीत मजकूर बरोबर असून आकृती चुकली आहे, असा निर्णय मी दिला. माणसाने त्याच वेळी थांबायला हवं होतं. मी आकृतीलाही लाल गोल केला.

मग मी एक शुद्धिपत्र तयार केलं. तीन रकाने, प्रश्न क्रमांक, अशुद्ध, शुद्ध. स्मिता नको नको म्हणत असताना तिच्याच फोनवरून ते तिच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं. वर्गातल्या बावीस बायका त्यात होत्या, मॅडम नव्हत्या. सात जणींनी अंगठा दाखवला. एकीने लिहिलं, ‘सरांचे मनापासून आभार.’ मला सव्वीस वर्षांत कोणी सर म्हटलं नव्हतं. मी त्या संध्याकाळी यकृताखालचं पित्ताशयही डावीकडे हलवलं आणि पुरवणी पाठवली.

पेपर रविवारी होता. शनिवारी सकाळी माझ्या बेंबीभोवती दुखू लागलं. आदल्या दिवशी वालाचं बिरडं जरा जास्त झालं होतं, म्हणून मी ओवा खाल्ला आणि गप्प बसलो. तिची परीक्षा बुडू नये म्हणून मी कळ सोसली, असं मी नंतर नातेवाइकांना सांगितलं. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की, दुपारपर्यंत कळ उजवीकडे खाली सरकली आणि मी निश्चिंत झालो. अपेंडिक्स डावीकडे असतं, हे मी स्वतः दुरुस्त केलं होतं.

स्मिता सोफ्यावर मोठ्याने उजळणी करत होती. “आंत्रपुच्छाला सूज आल्यास वेदना कोठे सुरू होते? बेंबीभोवती. नंतर कोठे सरकते?” इथे ती थांबली. मी समोरच्या खुर्चीत दुमडून बसलो होतो.

“तुम्हाला कुठे दुखतंय?”

मी बोटाने दाखवलं.

“आधी बेंबीपाशी दुखत होतं?”

“हो. पण हे उजवीकडे आहे. काळजीचं कारण नाही.”

ती एकदा माझ्या पोटाकडे, एकदा लाल पेनाने खोडलेल्या उत्तराकडे बघत राहिली. त्या माउलीचा पाच मिनिटं खरंच गोंधळ उडाला, आणि त्याला जबाबदार मी होतो. मग तिने संच मिटला आणि खालच्या मजल्यावरच्या बाळारामभाऊंना हाक मारली.

आमची इमारत ज्या शेतावर उभी आहे ते शेत बाळारामभाऊंचं. आता शेत नाही, गाडी आहे. ते वर आले, दारातूनच मला न्याहाळलं आणि स्मिताला म्हणाले, “वैनी, आमची म्हस अशी पाय आखडून बसली का आमी इचारत नसू. सरल डाक्तर आनायचो. याला पन इचारू नका.”

मी त्यांना डावं-उजवं समजावून सांगू लागलो. ते म्हणाले, “तुमी गाडीत सांगा. मी आयकतो.” गाडीत त्यांनी भजन लावलं.

हॉस्पिटलात सोनोग्राफी झाली, रक्त काढलं. सर्जनबाई माझ्या भाचीच्या वयाच्या असतील. म्हणाल्या, अपेंडिक्सला चांगलीच सूज आहे, आजच काढू. मग त्यांनी पेनाने माझ्या पोटावर उजव्या बाजूला एक बाण काढला.

सव्वीस वर्षांचा अनुभव असा कामी येतो. मी म्हटलं, “मॅडम, बाण चुकीच्या बाजूला आहे. मी सही करणार नाही.”

त्या शांतपणे म्हणाल्या, “काका, तुम्हाला दुखतंय कुठे?”

“दुखतंय उजवीकडे. पण अपेंडिक्स डावीकडे असतं. मी आकृतीत पाहिलंय.”

खोलीतल्या नर्सने माझा रिपोर्ट पुन्हा वाचायला घेतला. बाळारामभाऊ बाहेर जाऊन उभे राहिले. ते हसत होते की नाही हे मला दिसलं नाही, खांदे दिसत होते.

सर्जनबाईंनी थोडा विचार केला. मग विचारलं, “काका, आकृतीतला माणूस तुमच्याकडे तोंड करून होता की पाठ करून?”

मी म्हटलं, तोंड करून.

स्मिता स्ट्रेचरच्या पायाशी, माझ्यासमोर उभी होती. तिने आपला उजवा हात वर केला. तो माझ्या डावीकडे होता.

अशी शांतता मी फक्त एकदाच अनुभवली आहे, कंटेनर भलत्याच बंदरात पोचल्याचा फोन आला होता तेव्हा. (ती चूक दुसऱ्याची होती.) एकामागून एक सगळे अवयव माझ्या डोळ्यांसमोर आपापल्या जागी परत गेले. यकृत गेलं, पित्ताशय गेलं, प्लीहा गेली. हृदयाच्या आकृतीवरचा लाल गोल आठवला. मग बावीस बायका आठवल्या.

मी सही केली आणि म्हणालो, “स्मिता, फोन काढ. मी सांगतो ते लिही.”

सर्जनबाईंनी घड्याळ पाहिलं, पण थांबल्या. मी पोट धरून मजकूर सांगत होतो. आधीचे शुद्धिपत्र व पुरवणी रद्द समजावी, मूळ संचच बरोबर आहे, तसदीबद्दल क्षमस्व. स्मिता टाइप करत होती आणि सर्जनबाई तिच्या खांद्यावरून वाचत होत्या. ‘तसदी’मधली वेलांटी त्यांनी सुधारायला लावली.

संदेश गेला तशी स्मिता रडू लागली. उद्या पेपरला जाणार नाही म्हणाली. “आता माझंच मला कळत नाहीये हो, डावं काय नि उजवं काय.”

मी तिचा हात धरला. म्हटलं, “माझ्या पोटाकडे बघून ठेव. बाण काढलाय. तेवढं लिही आणि ये.”

ऑपरेशन त्याच रात्री झालं, आणि ती पेपरला गेली. रविवारी सकाळी तिच्या खुर्चीत बाळारामभाऊ बसून होते. मला हसवायचं नाही अशी डॉक्टरांची सूचना होती, म्हणून ते बहुतेक वेळ खिडकीबाहेर बघत होते. दुपारी स्मिता सरळ परीक्षेच्या हॉलमधून आली. पाच गुणांना आंत्रपुच्छ आलं होतं, स्थान आणि दाहाची लक्षणं. तिने दीड पान लिहिलं होतं. एवढं सविस्तर कसं आठवलं असं मी विचारलं, तर म्हणाली, आठवायला कशाला लागतंय, मी कालच बघितलंय.

ती पहिल्या वर्गात पास झाली. बाकीच्याही पास झाल्या. एकीने दोन्ही संदेशांचा मान राखून ‘बहुधा उजवीकडे, कधी कधी डावीकडे’ असं लिहिलं, तिचेही थोडेच गुण गेले. सगळा प्रकार कानावर गेल्यावर मॅडमनी सरांना नमस्कार सांगितला. स्मिताने तो त्याच सुरात पोचवला.

पण हे सगळं पुढचं. मला घरी सोडलं ते तिसऱ्या दिवशी. जाताना नर्सने सहीसाठी कागद पुढे केला. मी सवयीप्रमाणे वरपासून खालपर्यंत तपासला. नाव बरोबर, पत्ता बरोबर, तारीख बरोबर. लिंग, स्त्री.

नर्सने विचारलं, सगळं बरोबर आहे ना काका?

मी हो म्हटलं आणि सही केली. छापलंय म्हणजे त्यांनी काहीतरी पाहूनच छापलं असेल.