दार्जिलिंगला हौसाबाईने काय पाहिलं

खारी गावातल्या काशीनाथला सगळ्याचीच घाई. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्याचा टेम्पो त्याने उभा जन्म चालवला. माल वेळेवर पोचवायचा, एवढंच डोक्यात. रिटायर झाल्यावरही जेवताना त्याचं लक्ष घड्याळाकडे असायचं. बायको हौसाबाई याच्या उलट. भाजी आणायला नवघरला गेली तरी वाटेत चार ठिकाणी थांबायची.

मुलाने दोघांना दार्जिलिंगच्या टूरवर पाठवलं. तिथे डोंगराच्या उतारावर जुनं प्राणिसंग्रहालय आहे, हिमालयातले संपत चाललेले प्राणी तिथे जपतात, वाढवतात. चढ पाहून हौसाबाईला धाप लागली. रेड पांडाच्या पिंजऱ्यासमोर ती बाकावर बसली.

"तुमी जावा पुढं. मी बसतंय हितंच."

काशीनाथ भराभर वर गेला. हिमबिबट्या पाहिला, लांडगा पाहिला, फोटो काढले आणि खाली आला. हौसाबाई जाळीला नाक लावून उभी होती. त्याला पाहताच तिने त्याचा हात धरला.

"अवो, हितं काय झालं म्हायते का? थांबा जरा, परत येल ती."

"गाडी सुटेल. चल आधी."

"दोन मिन्टं."

"हॉटेलात सांग."

ती निमूट चालू लागली. खाली आले तर टूरमधली निम्मी माणसं चहा पीत होती. गाडी बऱ्याच वेळाने सुटली. रात्री हॉटेलात त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "न्हाय, काय न्हाय. तवा बघायला पायजे व्हतं." त्यानेही पुन्हा विचारलं नाही.

त्याच वर्षी थंडीत हौसाबाई गेली. सकाळी छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दिवसकार्य उरकल्यावर शेजारची मनोरमा त्याला जेवण घेऊन आली. ताट ठेवून ती जरा बसली.

"त्या पांडाचं लय सांगायची वयनी," ती म्हणाली. "पिल्लू ढोलीतून खाली पडलं, तर आई झाडावरून उलटी उतरली, मान तोंडात धरून वर घेऊन गेली. मग दुसरं पिल्लू बघायला बाहेर आलं, तर त्यालाबी आत ढकललं. वयनी नक्कल करून दाखवायची, आमी हसून हसून बेजार."

काशीनाथने घास ताटात ठेवला आणि फोन काढला. फोनमध्ये हिमबिबट्याचे फोटो होते, लांडग्याचे होते. बाकावर बसलेल्या हौसाबाईचा एकही नव्हता.

"नक्कल कशी करायची?" त्याने विचारलं.

मनोरमाने मान हलवली. "मला न्हाय जमायची तशी."

"जमेल तशी कर."

ती पदर खोचून उठली आणि भिंतीला दोन्ही हात टेकून, अवघडत, करून दाखवू लागली. काशीनाथ ताट बाजूला सारून बघत राहिला.