राघू कशानं मेला

शेवंताबाई संशयी होती, आणि ती स्वतःही ते नाकारत नसे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तिचं अर्धं आयुष्य गेलं. काटा धरणाऱ्याच्या अंगठ्याकडं बघायचं, मुकादमाच्या हसण्याकडं बघायचं आणि मगच आपली पाटी खाली ठेवायची, हे तिला आईनं शिकवलं होतं. नवरा भीमाप्पा म्हणायचा, "ही दूध घ्यायच्या आधी म्हशीची साक्ष काढंल."

भीमाप्पा गेल्यावर ती काही वर्षं निपाणीतच एकटी राहिली. मुलगा देवाप्पा शिकून बेळगावात टेलिफोन खात्यात लागला होता. त्यानं पिरनवाडीत जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या आणि पंच्याऐंशी साली आईला घेऊन आला. येताना तिनं एक ट्रंक आणली आणि राघूचा पिंजरा.

राघूला तिनं एकच शब्द शिकवला होता. दारात कुणीही येवो, पोस्टमन, दूधवाला, मतं मागायला आलेला पुढारी, राघू मान वाकडी करून म्हणायचा, "जयभीम!" शेजारची मालुबाई नंदगडकडच्या शेतकरी घरातली. तिनं एकदा भिंतीवरून सांगितलं, "आक्का, त्येला दुसरं कायतरी शिकवा की. आमचं पावणं हसत्यात."

"हसू देत की. पावण्यांनी बी म्हणावं, फुकट हाय," शेवंताबाई म्हणाली. पण तिनं ते मनात ठेवलं.

सून जया लोंढ्याच्या रेल्वे गँगमनची मुलगी, शाळेत शिक्षिका. सासू-सुनेचं बरं चालायचं. कुरबूर व्हायची ती राघूवरून. पिंजरा स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगलेला, खाली सालपटं आणि घाण. जया रोज पुसून काढायची आणि रोज एकदा तरी पुटपुटायची.

पुढच्या वर्षी जयाचा भाऊ शामू मस्कतहून आला आणि बहिणीला एक तवा घेऊन आला. काळा, गुळगुळीत, हाताला हलका. गॅसची शेगडी नवीनच आली होती, तिच्यावर तो शोभायचा. तेलाचा थेंब नसतानाही अंडं त्यावरून घसरून ताटात पडायचं. गल्लीतल्या बायका बघायला आल्या.

शेवंताबाईनं तव्यावरून बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. "ह्येला फासलंय काय?"

"एक थर असतोय, आत्ती," जया म्हणाली. "त्याला काय चिकटत न्हाय."

"ज्येला काय चिकटत न्हाय, ते तव्याला कसं चिकटलं?"

शामू मोठ्यानं हसला.

त्यानंतर थोड्याच दिवसांतली गोष्ट. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, आणि आलं की सगळी गल्ली घागरी घेऊन पळायची. त्या सकाळी जयानं घावन घालायला तवा गॅसवर ठेवला होता. "पाणी आलं!" अशी आरोळी ऐकू आली आणि दोघी तशाच बाहेर पळाल्या. नळावर भांडण लागलं, वेळ गेला. जया आधी परतली. तवा कोरडाच तापत होता, वर निळसर झाक दिसत होती. तिनं गॅस बंद केला. मागून शेवंताबाई आली, तेव्हा राघू पिंजऱ्याच्या तळाशी पडला होता. चोच उघडी, छाती भात्यासारखी हलत होती. तिनं त्याला पदरात घेतलं. तो पदरातच गेला.

घरात सगळं जसंच्या तसं होतं. पिंजऱ्यात फक्त एक अर्धा खाल्लेला पेरू होता. तो आदल्या दिवशी मालुबाईनं दिला होता.

"कधी पान दिलं न्हाय त्या बाईनं, आन् कालच पेरू कसा सुचला?" शेवंताबाई दारात उभी राहून म्हणाली, भिंतीपलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात. दुपारपर्यंत गल्लीभर झालं. मालुबाईनं दार लावून घेतलं.

देवाप्पाच्या ओळखीचे एक कानडी डॉक्टर जनावरांच्या दवाखान्यात होते. शेवंताबाईनं हट्टच धरला, म्हणून तो मेलेला पक्षी घेऊन तिच्याबरोबर गेला. डॉक्टरांनी पक्षी उघडून बघितला. "अज्जी, पोटात काय वाईट दिसत नाही. पेरूच्या बिया आहेत, बस्स. पण फुप्फुसं बघा, काळीनिळी झाल्यात. श्वासातनं काहीतरी गेलंय."

"काय गेलंय?"

"ते मला सांगता येणार नाही."

मालुबाई सुटली, पण शेवंताबाईचा संशय सुटला नाही. तो भिंत ओलांडून घरात आला. श्वासातनं गेलं म्हणजे कुणीतरी काहीतरी फवारलं. त्याच आठवड्यात जयानं ढेकणांचं औषध आणलं होतं. नळावरून आधी परतली होती तीही जयाच. आणि त्या दिवशी संध्याकाळी जयाला हुडहुडी भरून ताप आला होता, छाती दुखते म्हणत ती पडून राहिली होती. शेवंताबाईनं त्याचाही अर्थ लावला. पाप अंगावर आलं.

तिनं एकदाच विचारलं, "तू औषध मारलंस व्हय गं त्येच्यावर?"

जयानं फळीवरची बाटली काढून पुढं धरली. "मी? आत्ती, बाटली अजून फोडलेली पण न्हाय. बघा की."

शेवंताबाईनं बाटली बघितली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं परसात तीन दगडांची चूल मांडली आणि स्वतःची भाकरी स्वतः थापू लागली. पाणीही वेगळ्या तांब्यात भरून ठेवायची. देवाप्पानं समजावलं, रागावला, शेवटी त्यानं नाद सोडला. पावसाळा आला, चुलीवर पत्रा टाकला, तरी म्हातारी आत जेवायला आली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत जया लोंढ्याहून मुनियांची एक जोडी घेऊन आली, बोटभर आकाराचे तपकिरी पक्षी. पिंजरा तिनं सासूच्या पुढ्यात ठेवला आणि आत गेली. शेवंताबाईला पहिला विचार आला, ही मला भुलवतीय. दुसरा विचार आला, आता बघू. पिंजरा तिनं आपल्या अंथरुणाजवळ ठेवला. त्यांचं दाणापाणी स्वतः करायची, जिथं जाईल तिथं पिंजरा बरोबर. जया जवळून गेली की हिची नजर तिच्या हातांवर.

जया शाळेत गेली होती, अशा एका सकाळी बाहेर गार वारं सुटलं होतं, म्हणून शेवंताबाई पिंजरा घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. देवाप्पाला सुट्टी होती. त्यानं ऑम्लेट करायला तो काळा तवा गॅसवर ठेवला आणि कांदा चिरता चिरता रेडिओवर क्रिकेट लागलं म्हणून पुढच्या खोलीत गेला. तो तिकडंच रमला.

शेवंताबाई पाखरांकडंच बघत होती. आधी एक दांडीवरून खाली पडलं. तिनं उचलेपर्यंत दुसरंही पडलं.

तिनं मनातल्या मनात एकेक गोष्ट तपासली. घरात कुणी आलं नव्हतं. जया शाळेत होती. दाणे तिनं स्वतः निवडले होते. समोर फक्त गॅस चालू होता आणि त्याच्यावर कोरडा तवा. वास म्हणावा असा काही नव्हता, घशात मात्र जरा खवखवत होतं.

"देवा," तिनं हाक मारली, "गॅस बंद कर. आन् खिडक्या उघड."

त्या संध्याकाळी माय-लेक दोघांनाही थंडी वाजून ताप आला. छातीत तेच आवळल्यासारखं. घोंगडीत पडल्या पडल्या शेवंताबाईला जयाचा ताप आठवला, आणि तिनं तोंडावर पदर ओढून घेतला.

सकाळी ताप उतरला होता. जया शाळेला निघाली होती. शेवंताबाई तवा हातात घेऊन तिच्यापुढं उभी राहिली. "जया, ह्या तव्यानं मारलं. तू न्हाईस."

जयानं पिशवी खाली ठेवली. "आत्ती, माझ्या हातचं पाणी न घेणारी माणसं मी लोंढ्यात लहानपणी लई बघितली. आमच्या बाबांना वरनं वतायचे, वंजळीत. माझ्याच घरात तसं होईल, असं कधी वाटलं नव्हतं."

शेवंताबाईला हे घाव बसल्यासारखं लागलं. इतके दिवस ती काय करत होती, ते तिला त्या नजरेनं कधी दिसलंच नव्हतं. ती खाली बसली. म्हणाली, "मला पाणी दे."

जया लगेच हलली नाही. मग आत गेली आणि पेला भरून घेऊन आली. म्हातारी सगळं पाणी प्याली.

देवाप्पाला मात्र हे पटलं नव्हतं. "आई, सगळं मस्कत ह्याच्यावर अंडी भाजतंय. माणसं मरत्यात काय तिथं?"

"तुला ताप कशानं आलता?"

"हवा बदललीया."

तो डॉक्टरांना विचारून आला. पाखरांची फुप्फुसं फार नाजूक असतात, तव्याच्या वाफेनं असं होऊही शकेल, पण मी तसं कुठं वाचलेलं नाही, असं ते म्हणाले. म्हणजे खात्री कुणालाच नव्हती. तवा भंगारवाल्याला दिला तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी घरात जाणार, हेही शेवंताबाईला खपेना. तिनं तो परसातल्या धुण्याच्या दगडावर पालथा घातला आणि वरवंट्यानं ठेचून पार वाकवून टाकला. शामूला काय सांगायचं, हे तिनं जयावर सोडलं.

मग ती मालुबाईच्या दारात गेली. मालुबाईनं आत ये म्हटलं नाही, पण दारही लावलं नाही.

"पेरवात काय नव्हतं," शेवंताबाई म्हणाली. "मी उगीच बोललो."

"गल्लीभर बोललासा, आक्का."

"व्हय. आता गल्लीभर सांगतो, मी चुकलो म्हणून."

मालुबाई उंबऱ्यावर टेकली. "खरं सांगू काय? मला त्या राघूचा राग हुता, ते खोटं न्हाय. पण पेरू चांगल्या मनानंच दिलता. लई गोड पेरू हुता."

दोघींचं बोलणं हळूहळू सुरू झालं. जयाला जास्त वेळ लागला. ती सासूला वाढायची, विचारपूस करायची, पण पूर्वीसारखी हसत-खिदळत बोलायला लागली ती पुढं तिला मूल झालं, त्या बाळंतपणानंतरच.

शेवंताबाई संशयी राहिलीच. फक्त माणसांच्या हातांकडं बघायचं सोडून ती वस्तूंकडं बघू लागली. बाजारात कुणी प्लास्टिकच्या पिशवीत गरम चहा बांधून दिला, तर ती घ्यायची नाही. जयानं लोणच्यासाठी आणलेली लाल प्लास्टिकची बरणी तिनं दुकानदाराला परत करायला लावली.

एकदा मालुबाईच्या नवऱ्यानं, मारुतीरावांनी, उद्यमबागेतल्या कारखान्यातनं निळा प्लास्टिकचा ड्रम स्वस्तात आणला, पिण्याचं पाणी साठवायला. आत आधी काय होतं, ते विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. मालुबाईनं तो तीनदा धुतला आणि शेवंताबाईला बोलावलं. तिनं ड्रममध्ये डोकं घालून बराच वेळ वास घेतला.

"कसला वास येतोय काय, आक्का?"

"न्हाय."

"मग भरू काय पाणी?"

शेवंताबाई ड्रमच्या कडेवर हात ठेवून उभी होती. "वास न्हाय म्हणजे काय न्हाय, असं कुनी सांगितलंय? धुण्याला वापर. प्यायला माझी तांब्याची घागर ने."

मारुतीराव हसले. मालुबाई घागर आणायला शेवंताबाईच्या मागोमाग निघाली.