कापसाच्या खोलीतली गिटार

ताईचं लग्न माघात करायचं ठरलं आणि पौषात मी आमच्या कापसाच्या खोलीत स्टुडिओ उभारायला घेतला. स्टुडिओ हा शब्द तेव्हा गावात फक्त मला ठाऊक होता, त्यामुळे तो मी दिवसातून दहा वेळा वापरायचो. देऊळगाव राजाला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागून मला दोन वर्षं झाली होती. आमच्या गावात वीज येऊनही साधारण तेवढीच. या दोन गोष्टींमुळे विजेच्या बाबतीत आपल्यापुढे कुणी नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

गिटार ताईची. मॅट्रिकसाठी ती बुलढाण्याला मामाकडे राहिली, तेव्हा शेजारच्या एका संगीत मास्तरांनी तिला शिकवलं आणि बदली होऊन जाताना आपली जुनी गिटार तिलाच देऊन गेले. ही मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या. रेडिओवर ऐकलेलं गाणं ताई दोन दिवसांत बसवायची, पण आवाज इतका बारीक की शेजारच्या खोलीत पोचत नसे. मग मी एका मोडक्या हेडफोनमधलं लोहचुंबक आणि कॉइल काढून तारांखाली बसवलं. आमच्या रेडिओला मागच्या बाजूला ग्रामोफोन जोडायची दोन भोकं होती, त्यांत वायर खुपसली आणि गिटार विजेची झाली. पहिल्या सुराला गोठ्यातल्या बैलांनी दावी ओढली. बाबा ओट्यावरून उठून शेताकडे निघून गेले. ताई हसता हसता रडायला लागली.

लग्न ठरल्यावर तिनं मायला एकदाच विचारलं, "माय, गिटार संग नेऊ का?"

"नव्या घरी असलं काही नेऊ नाही बाई," माय म्हणाली. "सून आणली का बाजा आणला, म्हणतीन लोक."

बाबा तिथेच होते. ते सुपारी कातरत राहिले आणि विषय संपला. दुसऱ्या दिवशी ताईनं जुन्या लुगड्याची खोळ शिवून गिटार तीत घातली, तोंड टाके घालून बंद केलं आणि फळीवर ठेवून दिली. ते टाके बघितले आणि मी ठरवलं, ती जायच्या आत तिचं वाजवणं टेपवर घ्यायचं.

त्यासाठी शांत खोली हवी होती, आणि ती आयतीच होती. त्या वर्षी कापूस चांगला आला होता. बाबांनी तो एका खोलीत आढ्यापर्यंत रचून ठेवला होता. मधे माणूस बसेल एवढी जागा होती. त्या खोलीत टाळी वाजवली तर ती हातातल्या हातात राहायची. पुढे मी मोठ्या शहरातल्या एक-दोन खऱ्या स्टुडिओंच्या भिंती पाहिल्या, पण इतकी मुकी खोली मला पुन्हा भेटली नाही.

अडचण एकच होती. आमचा रेडिओ व्हॉल्व्हचा. तासाभरात असा तापायचा की हात लावता येत नसे. बाबांनी दारातूनच बजावलं, "कापसात इस्तू नेशीन तं तंगडं तोडीन." त्यांचं बरोबरच होतं. एक ठिणगी पडली असती तर वर्षभराची मेहनत अर्ध्या तासात गेली असती. दोन दिवस डोकं खाजवून मी रेडिओच्या पेटीतून स्पीकर तेवढा काढला, त्याला वीस हात वायर जोडली आणि तो एकटाच कापसात नेऊन ठेवला. तापणारी पेटी बाहेर पडवीत स्टुलावर राहिली. बाबा दर थोड्या वेळानं येऊन पेटीवर तळहात धरून बघायचे आणि मग खोलीत नाक घालून वास घ्यायचे.

ताईनं खोळीचे टाके उसवून गिटार बाहेर काढली आणि मग घरघर सुरू झाली. गिटार जोडली की स्पीकरमधून भुंगा कोंडल्यासारखा आवाज यायचा. त्यावर अर्थिंग म्हणून मी अंगणात पहार ठोकली, तिला वायर गुंडाळली आणि भोवती मिठाचं पाणी ओतलं. पहार तुळशीजवळ ठोकली म्हणून मायनं ती उपटायला लावली. मग न्हाणीमागे ठोकली. घरघर निम्म्यानं उतरली. गावातली पिठाची गिरणी दुपारपर्यंत पुकपुकत असे, म्हणून रेकॉर्डिंगची वेळ दुपारनंतरची धरली.

एवढी तयारी झाल्यावर दुकानाच्या मालकांपुढे उभा राहिलो. त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो. मोठ्या रिळांचा टेपरेकॉर्डर त्यांचा जीव की प्राण, कव्वालीचा कार्यक्रम सोडून तो दुकानाबाहेर जात नसे. मी चाचरत कारण सांगितलं.

"बहीण चालली ना सासरी? मंग घेऊन जाय," चाचा म्हणाले. "चार दिवस. माईक बी घे." त्यांनी स्वतः तो माझ्या सायकलला बांधून दिला आणि सायकलवर बसायचं नाही, हातानं धरून चालायचं, अशी तंबी दिली. तीन कोस मी त्या यंत्राच्या शेजारून चालत आलो.

घरात नवी वस्तू आली की पूजा होणारच. माय हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आली आणि तिनं विचारलं, "याच्यातलं मुख्य काय होय?" मी मोठ्या ऐटीत झाकण उघडून टेपचं हेड दाखवलं. म्हटलं, आवाज इथं धरला जातो. आणि मी पाठ वळवून वायर सोडवत बसलो.

पहिली टेप घेतली ती गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखी. मला वाटलं कापूस फार झाला, मी चार पाट्या बाहेर काढल्या. माईक बदलला, वायरींना पुन्हा कथलाचा डाख दिला, पहारीला आणखी पाणी पाजलं. दीड दिवस असा गेला आणि मी घरात सगळ्यांवर खेकसत होतो. शेवटी झाकण उघडून बघतो तर हेडवर बोटभर कुंकू. मी ओरडलो. माय शांतपणे म्हणाली, "तूच तं दाखवलं. कुंकू काय मंग पाठीले लावतेत?"  स्पिरिटच्या बोळ्यानं मी मुकाट्यानं हेड पुसलं.

दुसरी भानगड बांगड्यांची. माईक स्पीकरपासून वीतभर टांगला होता आणि त्यात ताईच्या काचेच्या बांगड्या स्वच्छ किणकिणत. काढ म्हटलं तर माय अंगावर आली. लग्न ठरलेल्या मुलीनं हात भुंडे करायचे नसतात. मग ताईनंच धोतराची चिंधी फाडून मनगटांना बांगड्यांवरून घट्ट बांधली.

चौथ्या दिवशी दुपारी गिरणी थांबली. ताई गिटार घेऊन कापसात जाऊन बसली. मी दार लावून पडवीत यंत्रापाशी, कानाला हेडफोन. तिच्या पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधून तिचं टोक दाराखालून बाहेर घेतलं होतं. रीळ फिरायला लागलं आणि मी सुतळी ओढली.

ताईनं तीन गाणी वाजवली, मधे एकदाही थांबली नाही. मला ती दिसत नव्हती, फक्त सूर येत होते, आणि मी तिचा भाऊ असून मला पहिल्यांदाच कळलं की ही किती चांगली वाजवते. मला तिचा अभिमान वाटला आणि, खरं सांगायचं तर, त्याहून जास्त स्वतःचा.

तिला बाहेर बोलावून मी टेप लावली. आपलं वाजवणं असं दुरून तिनं कधी ऐकलंच नव्हतं. पहिलं गाणं संपेपर्यंत ती हलली नाही. मग हळूच म्हणाली, "इतकं चांगलं येते मले?"

"मंग! म्हणून तं एवढी खटपट केली. आता हे जन्मभर राहीन."

"हाव, राहीन," ती मनगटाच्या चिंध्या सोडत म्हणाली. "मेलेल्या माणसाचा फोटो राहते तसं. पंधरा दिवस तू वायरी जोडून राह्यला. बाबाले एक डाव तरी म्हटलं का, हिची गिटार जाऊ द्या?"

"नाही."

"काऊन?"

मी रीळ उलटं गुंडाळायला घेतलं. खरं उत्तर मला तिथेच कळलं होतं. बाबांशी बोलण्यापेक्षा पहार ठोकणं सोपं होतं.

यंत्र मी परत नेलं. रीळ चाचांनी मला देऊन टाकलं. ते पुढे कितीतरी वर्षं माझ्याकडे होतं आणि ऐकायला यंत्र नव्हतं. यंत्र परत केलं त्या संध्याकाळी धीर करून बाबांना विचारलं, ताईच्या सासरी गिटारीचं विचारता का. ते म्हणाले, "पोरीकडच्यानं असं इचाराचं नसते. नाही म्हटलं तं भर मांडवात मान खाली घालू का?" म्हणजे सासरचे नको म्हणाले नव्हते. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

लग्नाच्या सकाळी मांडवाच्या कोपऱ्यात रुखवत मांडला होता. मुलीनं केलेल्या आणि तिच्यासोबत जाणाऱ्या वस्तू त्यात वरपक्षाला दाखवायच्या असतात. क्रोशाचे रुमाल, शेवया, कुरडया, चकचकीत भांडी. मी गिटार आणली आणि कुरडयांच्या ताटाशेजारी ठेवली. मायनं पाहिलं. चारचौघांत तिला ओरडता येईना, तिनं नुसता पदर तोंडाला लावला.

ताईची सासू रुखवत बघत बघत आली आणि तिथे थांबली. "हे काय होय?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी पुढे झालो. "गिटार हाय, मावशी. ताई वाजवते. लई चांगली वाजवते. तुमच्या इकडं बी तिले वाजवू द्या."

त्यांनी एक तार बोटानं ओढून पाहिली. "बारीक वाजते हे तं."

"विजेवर चालते ना. लाईटवर लावली का मोठा आवाज येते."

"मंग काय कामाची?" मावशी म्हणाल्या. "आमच्या गावात लाईट कुठं हाय?"

मांडव हसला, आणि मी विजेतला जाणकार तोंड वासून उभा राहिलो. ताई जिथे जन्म काढणार त्या गावात वीज आहे की नाही, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. पण संध्याकाळी बिदाईच्या वेळी मावशीच गाडीवाल्याला सांगत होत्या, "वरती गाद्यायवर ठेव रे ते, फुटंन."

पुढचे दोन महिने मी चाचांच्या दुकानात गिटार जोडायला सेलवर चालणारी पेटी बनवत होतो. मोडक्या ट्रान्झिस्टरचे भाग चाचांनी दिले. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला ताईला माहेरी आणायला मी हिवरा आश्रमाच्या पलीकडच्या तिच्या गावी गेलो, तो ही पेटी काखेत मारून. ताईनं ओट्यावर बसून वाजवलं, बांगड्या किणकिणत होत्या आणि कुणाला त्याचं काही नव्हतं. मावशींनी गहू निवडता निवडता एकच भजन तीनदा वाजवायला लावलं.

परतीच्या एसटीत मी ताईला विचारलं, "मांडवात मावशी नाही म्हटल्या असत्या तं?"

"तं गिटार घरी राह्यली असती," ती म्हणाली. "पण माह्यासाठी कोणी बोललं होतं, एवढं घेऊन मी गेली असती."

मी खिडकीकडे तोंड केलं. मेहकर येईपर्यंत मला तिच्याकडे बघवलं नाही.