पहिलं पाऊल आणि ओट्यापाशी अंथरलेली सतरंजी

आरोलकरबाईंची आणि माझी पहिली भेट त्यांच्या लालबागच्या दवाखान्यात झाली. फिजिओथेरपीची ताजी पदवी घेऊन मी नोकरी मागायला गेले होते. बाई म्हणाल्या, "दारातल्या चपला उलट्या करून बघा आणि कोणाची टाच दुखत असेल ते सांगा." मला एकही सांगता आली नाही. "मग उद्यापासून या," बाई म्हणाल्या. त्याला बावीस वर्षं झाली. बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी माझीच एक चूक कबूल करणार आहे, कारण बाईंचं मोठेपण मला तिथेच कळलं.

टाचदुखी हा बाईंचा जिव्हाळ्याचा विषय. "हाड वाढलंय" म्हणून लोक घाबरून एक्स-रे घेऊन येतात. बाई तो बाजूला ठेवतात आणि विचारतात, "सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल कसं पडतं?" त्या पावलाला सुई टोचल्यासारखी कळ येऊन थोडं चालल्यावर ती उतरत असेल, तर बहुधा तळव्याखालचा जाड पडदा दुखावलेला असतो. वाढलेलं हाड पुष्कळदा निरुपद्रवीच असतं. पण टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर रुग्ण कळवळला, तर बाई हाडात बारीक चीर आहे का ते तपासायला पाठवतात. मुंग्या, जळजळ असेल तर नसेचा संशय घेतात. "सगळ्यांना एकच व्यायाम वाटायला तो काय प्रसाद आहे?" ही त्यांची बोलणी मी शेकडो वेळा खाल्ली आहेत.

घोडपदेवच्या सावंतकाकू चाळीतल्या एका खोलीत चपात्या लाटून घर चालवत. रोज पाच-सहा तास ओट्यापाशी उभ्या. त्यांना तळव्याच्या पडद्याचंच दुखणं होतं. मी व्यायाम दिले, घरात मऊ चपला घालायला सांगितल्या. दर वेळी विचारलं, की काकू म्हणत, "घालतंय, घालतंय." तीन महिन्यांत फरक नाही, तेव्हा मी सर्जनच्या नावे चिठ्ठी लिहिली. काकूंचा चेहरा उतरला. "ऑपरेशन झाला तर चपात्यो कोण करतलो?"

बाईंनी चिठ्ठी काढून घेतली आणि काकूंना घरातल्या चपला आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकू त्या घेऊन आल्या. चपलांचे तळ कोरे करकरीत, दुकानाचं स्टिकरसुद्धा जागेवर! मी भडकलेच. "तीन महिने खोटं बोललात?"

काकूंनी मान खाली घातली. "ओट्याच्या बाजूक देव आसत. देवासमोर चपला घालून कशी उभी रवू?"

मी स्वतः फणसवाडीत वाढलेली, उंबऱ्याबाहेर चपला काढल्याशिवाय कधी घरात न शिरलेली. तरीही काकूंचा देव्हारा कुठे आहे, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई रागावल्या नाहीत, काकूंना नाही आणि मलाही नाही. रविवारी मला घेऊन त्या काकूंच्या चाळीचे तीन जिने चढल्या. दारात चपला काढल्या आणि ओट्यापाशी दहा मिनिटं अनवाणी उभ्या राहिल्या. मग पिशवीतून व्यायामाची जाड मॅट काढून ओट्याच्या मापाने कापली आणि वर काकूंचीच जुनी सतरंजी दुहेरी अंथरली. "देवाला सतरंजी चालते ना?" काकू हसल्या. अंथरुणातून उठण्याआधी टॉवेलने तळवा ताणायचं बाईंनी पुन्हा शिकवलं. दुखणं सावकाश, पण उतरलं. ती चिठ्ठी अजून माझ्या खणात आहे.

परवा काकू दवाखान्यात आल्या होत्या, हाताने शिवलेली जाड गोधडी घेऊन. बाईंच्या टेबलापाशी स्वतःच अंथरून मला म्हणाल्या, "डॉक्टरबाई दिवसभर लादीवर उभ्यो रवतत. त्यांका कोण सांगतलो?" बावीस वर्षांत मला ते दिसलं नव्हतं. बाई निमूटपणे गोधडीवर उभ्या राहिल्या.

बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. शंभराव्या वाढदिवसाच्या सकाळीही त्यांचं पहिलं पाऊल बिनदुखीचं पडो. दुसरं त्या दवाखान्याकडेच टाकतील.